स्टॉपवॉचला माया नसते

“पहिला आलास रे राजा!” मी ओरडले, तेव्हा तो कठड्याला धरून धापा टाकत उभा होता. हेल्मेट भुवयांवर घसरलेलं, डाव्या नी-पॅडचा पट्टा लोंबकळत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, मान वळवून रिंककडे बघितलं आणि उजव्या हाताची पाचही बोटं माझ्या नाकासमोर धरली.

“पाच,” म्हणाला.

शर्यतीत पाचच जण होते.

तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. घरी आम्ही त्याला मणी, बिस्किटं, जिन्याच्या पायऱ्या असं काय काय मोजायला लावायचो आणि तीनच्या पुढे त्याची गाडी अडते, असं धरून चाललो होतो. आपण कितवे आलो, हे मात्र त्यानं बिनचूक मोजलं. आई थाप मारतेय, हेही त्याला कळलं. घरी येताना रिक्षात तो माझ्याशी बोलला नाही. हरल्याचा राग नव्हता तो. घरी पोचल्यावर त्यानं बाबांना पाच बोटं दाखवली आणि मग माझ्याकडे बोट दाखवून मान हलवली, म्हणजे चहाडी केली.

ज्यांच्या घरी असं मूल आहे आणि ज्यांच्या घरी नाही, अशा दोन्हीकडच्या आई-बाबांशी मला आज चार गोष्टी बोलायच्या आहेत. विषय स्केटिंगचा आहे. पण खरं विचाराल तर आपण मुलांच्या भल्यासाठी म्हणून ज्या थापा मारतो, त्यांचा आहे.

शब्दांचं आधी उरकून घेते. आमच्या पहिल्या दाखल्यावर ‘मतिमंद’ लिहिलं होतं, नंतरच्या कार्डावर ‘बौद्धिक दिव्यांगता’ आलं, सोसायटीत ‘स्पेशल चाइल्ड’ म्हणतात आणि त्याची आजी ‘आमचं भोळं’ म्हणते. पाट्या बदलत गेल्या, मुलगा तोच. मी आपली ‘आपली मुलं’ म्हणते.

स्केटिंग आम्ही निवडलं नाही, त्यानं निवडलं. स्पीच थेरपीहून परतताना वाटेत एक रिंक लागायची. तिथल्या बुटक्या भिंतीपाशी तो रोज थांबायचा आणि मुलांकडे नाही, त्यांच्या चाकांकडे बघत राहायचा. त्याला चाकांचं वेड पहिल्यापासून. शिलाई मशीनचं, सायकलचं, कुकरची शिट्टी फिरते तिचंसुद्धा. वीस मिनिटं, कधी अर्धा तास. एक दिवस मी आत जाऊन विचारलं. तिथल्या प्रशिक्षकांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, “ताई, माझी ना नाही हो, पण बाकीचे पालक ऑब्जेक्शन घेतात. असं करा, सकाळी साडेपाचला आणा, तेव्हा कोणी नसतं.” मला वाईट वाटलंच नाही, उलट मी आभार मानून घरी आले. आज ह्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. कोणी नसताना आणा, हे वाक्य तोवर इतक्या ठिकाणी ऐकून झालं होतं की ते सोयीचं वाटायला लागलं होतं. तेव्हा कायदा माहीत असता तर निदान तोंड तरी उघडलं असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ३० वं कलम खेळांबद्दलचंच आहे. वाचून ठेवा, भांडायला उपयोगी पडतं.

दुसऱ्या रिंकवर जे सर भेटले त्यांनी दोनच प्रश्न विचारले. “फिट्स येतात का? हृदयाचं काही आहे का?” मला बरं वाटलं, कारण हे खरे प्रश्न होते. तुमचं मूल डाउन सिंड्रोमचं असेल तर हे प्रश्न तुम्ही स्वतःच डॉक्टरांकडे न्या. ह्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो. शिवाय काहींच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो, त्यामुळे मानेला हिसका बसेल असा खेळ सुरू करण्यापूर्वी मान तपासून घ्यायलाच हवी. हात-पाय झिणझिणणं, चाल बदलणं, मान वाकडी धरणं, लघवीवरचा ताबा सुटणं, ह्यातलं काहीही दिसलं तर आधी दवाखाना, स्केट्स मग. स्नायू ढिले आणि घोटे लवचिक असल्यामुळे ह्या मुलांना घोटा घट्ट धरणारा उंच बूट लागतो. एवढं पाहिलं की बाकीची भीती आपली असते, त्यांची नसते.

पहिले दोन आठवडे सरांनी त्याला चालवलंच नाही. पाडलं. रिंकच्या कडेला गवत होतं, तिथे स्केट्स घालून उभं राहायचं आणि मुद्दाम पडायचं. गुडघ्यांवर, पुढे, मुठी मिटून. मुठी का, तर बोटं पसरलेली राहिली तर मागून येणाऱ्याचं चाक त्यांवरून जाईल. मग उठायचं: एक गुडघा जमिनीवर, दुसरा उभा, दोन्ही हात उभ्या गुडघ्यावर आणि वर. रोज पंचवीस वेळा. माझ्या सासूबाई एकदा बघायला आल्या आणि पदर तोंडाला लावून बसल्या. “पैसे देऊन पोराला पाडून घेताय?” पण मी पाहत होते. घरी तो पडला की आम्ही तिघं धावायचो. इथे तो पडायचा, मूठ मिटायचा, उठायचा आणि सरांकडे बघायचा, बस.

शिकवण्याची एक तऱ्हा मला तिथे कळली, ती घरी भात कालवायला शिकवतानासुद्धा कामी आली. एका वेळी एकच सूचना, आणि तिच्यासाठी कायम एकच शब्द. सर ‘गुडघे’ म्हणायचे. ‘जरा वाकून’, ‘खाली बस थोडा’, ‘बेंड कर’ असली भाषांतरं नाहीत. ‘गुडघे’ म्हणजे गुडघे. मी कठड्यावरून “अरे वाक ना बाळा, सर काय सांगतायत” म्हणाले, तर सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दुसऱ्या दिवसापासून विणकाम न्यायला लागले.

डावं-उजवं त्याला कळायचं नाही. स्पीड स्केटिंगमध्ये शर्यत घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं होते, म्हणजे सगळी वळणं डावीकडे. वळणावर उजवा पाय डाव्याच्या पुढून टाकायचा असतो. सरांनी डाव्या बुटाला लाल रिबीन बांधली. “लाल खाली, दुसरा वरून.” हे वाक्य तो झोपेत पुटपुटायचा. वेगाच्या ह्या खेळात आपल्या मुलांच्या सोयीचं बरंच काही आहे, हे मला तेव्हा उमगलं. चेंडू कुठून येईल याचा नेम नाही, कोणाला पास द्यायचा ते क्षणात ठरवायचं, असलं काही नाही. वाट एकच, दिशा एकच, तीच हालचाल पुन्हा पुन्हा. आपली मुलं तेच तेच करतात म्हणून आपण कावतो ना? इथे तेच तेच करणाऱ्यालाच वेग येतो.

शिट्टीचा त्रास होता. शिट्टी वाजली की कानांवर हात, आणि हात कानांवर की तोल गेलाच. सरांनी हिरवा रुमाल आणला. खाली आला की सुटायचं. रिंकवरची बाकीची पोरंही आठवडाभरात रुमालावर सुटायला लागली, कोणी काही विचारलं नाही.

आता त्या स्टॉपवॉचकडे येते.

तीनेक महिन्यांनी सरांनी पहिल्यांदा १०० मीटरची वेळ घेतली. १ मिनिट १२ सेकंद. वहीत लिहिली. मला वाटलं होतं, सर म्हणतील “शाब्बास, खूप छान!” जगभर आपल्या मुलांना हेच ऐकायला मिळतं. चित्र काढलं, खूप छान. पाणी सांडलं नाही, खूप छान. सर म्हणाले, “एक बारा. परवा एक दहा.” त्याला सेकंद कळत नव्हते, पण ‘परवा’ कळलं आणि सरांचा चेहरा कळला. परवा एक दहा झाले नाहीत, एक पंधरा झाले. सरांनी तेही लिहिलं. माझा जीव खालीवर. कशाला लिहायचं? मग लक्षात आलं की ह्या मुलाच्या आयुष्यात, डॉक्टरांचे आय.क्यू.चे कागद सोडले तर, कोणी त्याचं काही खरं मोजलेलंच नव्हतं. शाळेच्या प्रगतिपुस्तकात सगळीकडे हसऱ्या चेहऱ्याचे स्टिकर. आईची माया, आजीची माया, शेजाऱ्यांची दया. स्टॉपवॉचला ह्यातलं काहीच नव्हतं. एक पंधरा म्हणजे एक पंधरा. म्हणूनच ज्या दिवशी ५८ आले, त्या दिवशी तो रिंकभर ओरडत फिरला. तो आनंद आम्ही दिलेला नव्हता, त्याचा स्वतःचा होता.

आपल्या मुलांच्या शर्यती भरवण्याची एक पद्धत आहे, आणि ती समजली तर पालकांची निम्मी धास्ती जाईल. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये आधी प्राथमिक फेरीत प्रत्येकाची वेळ घेतात. मग वय, मुलगा-मुलगी आणि ती वेळ बघून गट पाडतात. एका गटात किमान तीन आणि जास्तीत जास्त आठ. गटातल्या सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात संथ मुलात साधारण १० ते १५ टक्क्यांच्या आतबाहेरचाच फरक ठेवायचा प्रयत्न असतो. म्हणजे तुमचा मुलगा ज्यांच्याशी पळतो ते त्याच्याच तोडीचे. जिंकू शकतो, आणि हरूही शकतो. पहिल्या तिघांना पदकं, चौथ्यापासून आठव्यापर्यंत रिबिनी. शर्यती वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. रोलर स्केटिंगमध्ये अगदी नवख्यांसाठी ३० मीटर सरळ, पुढे १००, ३००, ५००, १००० मीटर. बर्फावरच्या शॉर्ट ट्रॅकची फेरी १११.१२ मीटरची, म्हणून तिथल्या शर्यतींची अंतरं १११, २२२, ३३३ अशी चमत्कारिक असतात. आठव्या वर्षापासून स्पर्धेत उतरता येतं आणि वरची वयोमर्यादा नाही. चाळिशीतलं ‘मूल’ असेल तर तेही चालतं.

ह्या पद्धतीत एक गमतीचा नियम आहे आणि त्यात अडकतो तो बहुधा पालकच. प्राथमिक फेरीत मुद्दाम हळू जायचं, हलक्या गटात घुसायचं आणि अंतिम फेरीत सुसाट सुटून सोनं न्यायचं, हे टाळण्यासाठी अंतिम फेरीतली वेळ प्राथमिक वेळेपेक्षा साधारण १५ टक्क्यांहून जास्त चांगली आली तर मूल बाद होऊ शकतं. ३०० मीटरला आधी ६० सेकंद लागले असतील आणि नंतर ५१ च्या आत आला, तर प्रश्न विचारले जातात. मुलाची नेहमीची वेळ खरंच चांगली असेल तर प्रशिक्षक ती अंतिम फेरीआधी लेखी देऊ शकतात. माझ्या शेजारी बसलेल्या एका बाबांनी लेकीला कानात सांगितलेलं मी ऐकलं आहे, “आत्ता हळू जा हं बेटा.” ती बिचारी हळू गेली. अंतिम फेरीत बाबा ओरडले, “आता पळ!” पण ती तशीच हळू गेली, कारण सांगितलेलं ऐकायचं एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. त्या बाबांना मी नावं ठेवत नाही. मी स्वतः पाचव्याला पहिला म्हणणारी.

मोठ्या माणसांच्या असल्या हुशारीची किंमत ह्या खेळाडूंनी जागतिक पातळीवर मोजली आहे. २००० च्या सिडनी पॅरालिम्पिकमध्ये बौद्धिक दिव्यांगांच्या बास्केटबॉलचं सुवर्णपदक स्पेननं जिंकलं आणि मग कळलं की संघातल्या १२ पैकी १० खेळाडूंना कसलंच दिव्यांगत्व नव्हतं. पदक गेलंच, पण त्यापायी सगळ्या जगातल्या बौद्धिक दिव्यांग खेळाडूंना पॅरालिम्पिकचं दार बंद झालं, ते २०१२ च्या लंडनपर्यंत. हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये तर आज कोणाच्याच स्केटिंगच्या शर्यती नाहीत. म्हणून आपल्या स्केटरांची वाट स्पेशल ऑलिम्पिक्सचीच. भारतात तिचं काम ‘स्पेशल ऑलिम्पिक्स भारत’ बघते, महाराष्ट्रात तिची शाखा आहे, आणि विशेष शाळांमधून, जिल्ह्यापासून राज्यापर्यंत मुलं निवडली जातात. २०२३ च्या बर्लिनमधल्या उन्हाळी स्पर्धांत आपल्या खेळाडूंनी २०२ पदकं आणली, त्यांत रोलर स्केटिंगचीही होती. २०२५ च्या तुरीनमधल्या हिवाळी स्पर्धांत ३३. आकडे ऐकून हुरळू नका. तुमच्या-माझ्या मुलांपैकी बहुतेक तिथे पोचणार नाहीत, जशी शेजारच्या क्रिकेट कॅम्पातली पोरं वानखेडेवर पोचत नाहीत.

हे स्पेशल ऑलिम्पिक्स सुरू झालं एका घराच्या अंगणात. युनिस केनेडी श्रायव्हर ह्या बाईंनी १९६२ मध्ये मेरीलँडमधल्या आपल्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिर घेतलं. त्यांचे भाऊ तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष होते. थोरली बहीण रोझमेरी बौद्धिक दिव्यांग होती. १९४१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, वडिलांनी तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करवली, ती फसली, आणि पुढची कित्येक वर्षं ती घरच्यांच्या नजरेआडच राहिली. पैसा, सत्ता, डॉक्टर, सगळं असलेलं घर! १९६२ मध्येच युनिसबाईंनी एका नियतकालिकात बहिणीबद्दल उघडपणे लिहिलं. २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर हजारेक खेळाडू पहिल्यांदा धावले, तेव्हा त्या अवाढव्य मैदानातल्या खुर्च्या जवळपास रिकाम्या होत्या. १९७७ मध्ये कोलोरॅडोतल्या स्टीमबोट स्प्रिंग्जला पहिल्या हिवाळी स्पर्धा झाल्या, त्यांत स्कीइंग आणि स्केटिंग हेच होतं. मला ह्यातलं पदकांचं काही आठवत नाही, ते अंगण आठवतं. आणि कोणी नसताना आणा म्हणणारे ते गृहस्थ.

आता दुसऱ्या बाजूच्या पालकांशी बोलते. तुमचा मुलगा चांगला स्केटर आहे, तुम्ही फी भरता, आणि रिंकवर एक दांडगा, मोठ्यानं हसणारा, मधेच थांबणारा मुलगा येतो. तुम्हाला वाटतं, माझ्या मुलाची प्रॅक्टिस बुडणार. चूक नाही तुमचं, बुडते थोडीशी. आमच्या सरांनी त्यावर उपाय काढला तो रिले. ‘युनिफाइड’ म्हणून प्रकार असतो. एका संघात दोन्ही तऱ्हेची मुलं, वय आणि ताकद शक्यतो सारखी. कोणी कोणाला मदत करायला आलेलं नसतं, दोघांची वेळ मिळून एक होते. आमच्या मुलाची जोडी आठवीतल्या एका मुलीशी लागली. रिलेत पुढच्याला स्पर्श करून सोडायचं असतं. हा तिच्यापर्यंत पोचला की ब्रेक लावून थांबायचा, हात पुढे करायचा आणि शेकहँड करायचा. कारण दोन वर्षं शाळेत आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला तेवढंच शिकवलं होतं, माणूस भेटला की शेकहँड!

ती मुलगी पहिल्या दिवशी हसून हसून बेजार झाली. तिसऱ्या दिवशी तिला राग आला. “ए, सेकंद जातायत ना आपले!” असं ती त्याच्यावर खेकसली. तिची आई कठड्यावरून “अगं हळू बोल, तो स्पेशल आहे” म्हणाली. मुलीनं ऐकलं नाही. तिनं आपल्या टी-शर्टला पाठीवर चिकटपट्टीनं पिवळा कागद लावला आणि म्हणाली, “इथे मार.” चौथ्या दिवशी त्यानं मारलं, जरा जोरातच. ती तीन फूट पुढे उडाली आणि तशीच सुटली. त्याच्यावर समवयस्क माणूस बरोबरीच्या नात्यानं चिडल्याचा तो मी पाहिलेला पहिला प्रसंग. तिच्या आईला नंतर मी सांगितलं, तिला खेकसू द्या. त्या आधी दचकल्या, मग त्यांनी डब्यातल्या शंकरपाळ्या पुढे केल्या.

तेव्हा तुमच्या मुलांना ‘त्याला सांभाळून घे’ असं शिकवून पाठवू नका. ‘त्याच्याबरोबर स्केट कर’ एवढं सांगा. आणि आमच्याकडच्या आई-बाबांना सांगते, कठड्यापासून दहा पावलं मागे बसा. हरला तर हरला म्हणा. पहिल्या महिन्यात तो रडेल, हेल्मेट फेकेल, मोजे काढून कचऱ्याच्या डब्यात टाकेल. आमच्याकडे हे तिन्ही झालंय. शनिवारी येणार नाही म्हणेल, रविवारी स्वतःच बूट घेऊन दारात बसेल.

त्या शर्यतीची रिबीन आमच्या फ्रिजवर आहे, पाचव्या क्रमांकाची. तो तिच्याकडे बघून अजून पाच बोटं दाखवतो, आणि मी “हो, पाच” म्हणते.

तुमच्या गावात रिंक असेल तर ह्या रविवारी लेकराला घेऊन जा, सगळे असतात त्या वेळी. सुरुवातीला महागडे इनलाइन घेऊ नका. दोन चाकं पुढे, दोन मागे असे क्वाड कोणाकडून तरी जुने मागून आणा. हेल्मेट मात्र नवं आणि डोक्याच्या मापाचं घ्या. आणि मोजे पोटरीपर्यंतचे घाला, आखूड मोज्यांनी घोटा सोलून निघतो.